वगळ

चोडणच्या मानशीवर सात नंबरचा डबा
मी बांधला दिवाळीनंतरच्या एका सुकतीला,
तिवराच्या आडव्या फांदीला, चिखलापासून हातभर वर.
आत एक कान, अंधारात बघणारा एक डोळा
आणि बोटाएवढी अँटेना,
जी दर पंधरा मिनिटांनी
पलीकडे रायबंदरच्या गच्चीवरच्या पेटीला कळवते:
आहे. ठीक आहे.

नियम एकच, पुन्हा जायचं नाही.
बांधाच्या बिळात पाणमांजर व्यायली आहे.
माणसाचा वास आला तर पिल्लं तोंडात धरून
एका रात्रीत बेट बदलेल.
म्हणून मी डिचोलीत, माडीवर बसून,
कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत
तिचा संसार ऐकते.

मशीनला दोन महिने शिकवलं.
ही तिची शीळ.
हे पिल्लांचं कुरकुरणं.
हा शेवटा, डोक्याकडून खाल्लेला;
काटे सुक्या पानासारखे वाजतात.
ही फेरीबोट: वगळ.
हा इनास: वगळ.

इनास मानस सांभाळतो.
रात्रीच्या सुकतीला बत्ती घेऊन येतो,
फळी ओढतो, जाळं लावतो,
पाण्याशी बोलतो,
स्विंडनला गेलेल्या मुलाशीही, फोन नसताना.
आणि खोकतो. फार खोकतो.
आधी त्याच्या प्रत्येक खोकल्याला माझा फोन वाजायचा:
प्राणी, डबा सात, खात्री एकसष्ट टक्के.
मग मी चाळण लावली.
मग शांतता.
स्वच्छ, कामाची.

पौषातल्या एका सकाळी यादी आली.
२:४० मादी.
२:५१ मादी, दोन पिल्लं.
३:१२ मादी, तीन पिल्लं, फार जवळ, बराच वेळ.
तीन!
चहा तसाच ठेवून मी भावाला फोटो पाठवला.
कोपऱ्यात काहीतरी काळं होतं.
ओंडका असेल, म्हटलं.

ओंडका नव्हता.
फळी निसटली होती, खुबा मोडला होता.
दीडपासून उजाडेपर्यंत इनास बांधावर पडून,
पोदेराच्या सायकलचा पों-पों ऐकू येईस्तोवर.

त्या रात्री मी वगळलेलं सगळं उघडलं.
चार तास. काहीच हरवलं नव्हतं.
पहिली हाक मोठी.
मग मुलाचं नाव.
मग सायबिणीचं.
मग नुसता खोकला, पाण्याच्या बाजूने.
आणि मध्येमध्ये डबा, इमानेइतबारे:
ठीक आहे. ठीक आहे.

३:१२ ला मात्र खोकला नाही.
मी आवाज वाढवला.
एक गिळणं ऐकू येतं,
मग आणखी एक,
छातीत कोंडून धरलेलं काहीतरी,
आणि त्यावर पिल्लांचं कुरकुरणं.

बांबोळीच्या वॉर्डात गेले.
दोन बसगाड्यांत जुळवलेली माफी
त्याने काढूच दिली नाही.
"आयलीं गो तीं," म्हणाला,
"लहानाने आंगठ्याचा वास घेतला माझ्या.
चाळीस वर्षं बत्ती घेऊन हिंडतोय,
शेपटी तेवढी दिसायची.
त्या रातीं हांव हालूंकच ना."
नियमाप्रमाणे तिने पळायला हवं होतं,
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याने विचारलं, "फोटो आला?"
दाखवला.
स्वतःकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.
बोटाने मोजली: एक, दोन, तीन.

चाळण मी बदलली आहे.
खोकला आता आधी मला कळतो.
पण मानशीवर हल्ली त्याचा भाचा येतो,
मोबाइलवर गाणी लावून,
आणि तो खोकत नाही.
बीळ अजून तिथेच आहे.
रात्री दोनच्या सुमारास मला जाग येते
आणि मी कान लावून बसते.
कशासाठी,
त्याला यादीत रकाना नाही.